उलथापालथ कोणी केली? इंग्रजी शब्दांचा एक आढावा

चाळीस वर्षांच्या आत इंग्लंडने दोन राजे गादीवरून घालवले. ३० जानेवारी १६४९ रोजी पहिल्या चार्ल्सचा लंडनमध्ये भर लोकांसमोर शिरच्छेद झाला. १६८८ च्या डिसेंबरात दुसरा जेम्स फ्रान्सला पळाला आणि त्याची मुलगी मेरी व जावई विल्यम गादीवर बसले. पहिल्या वेळी कारागीर, शिपाई, छोटे शेतकरी रणात उतरले होते. राजेशाही रद्द झाली, उमरावांचे सभागृहही मोडीत निघाले. दुसऱ्या वेळी सत्ता एकाच घराण्यात सासऱ्याकडून जावयाकडे गेली. आता या दोन घटनांची नावे पाहा. पहिलीचा इतिहास लिहिणारा लॉर्ड क्लॅरेंडन राजाच्या पक्षाचा. त्याने ग्रंथाच्या नावातच तिला ‘रिबेलियन’ म्हटले, म्हणजे बंड. दुसरी मात्र ‘ग्लोरियस रेव्होल्यूशन’ झाली. जिथे खरोखर सगळे उलटले ते बंड ठरले आणि जिथे फारसे काही उलटले नाही तिला गौरवशाली क्रांतीचा मान मिळाला.

उलथापालथ, धक्का आणि अचानक झालेला बदल यांसाठी इंग्रजीत शब्दांची मोठी रास आहे. पीटर मार्क रोजे याने १८५२ साली आपला प्रसिद्ध शब्दसंग्रह काढला, तेव्हा एकाएकी आणि जोराने होणाऱ्या बदलासाठी ‘रेव्होल्यूशन’ या नावाचे वेगळे सदरच त्याला करावे लागले. अशा संग्रहात हे शब्द समानार्थी म्हणून शेजारी शेजारी बसतात आणि तिथेच वाचकाची फसगत होते. कोणी आकाश बघणाऱ्यांकडून आला, कोणी नाटकाच्या रंगमंचावरून, कोणी वैद्याच्या खाटेजवळून, कोणी घोडदळातून, कोणी पेढीवरून. प्रत्येक शब्द येताना ‘हे कोणी केले’ या प्रश्नाचे एक उत्तर सोबत घेऊन आला. आपल्या बातम्या, पाठ्यपुस्तके आणि सरकारी अहवाल रोज इंग्रजीवरून मराठीत उतरतात. म्हणून त्या उत्तरांचा हिशेब घेणे मला गरजेचे वाटते.

‘रेव्होल्यूशन’ आकाशातून आला. कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथाच्या लॅटिन नावात तो आहे आणि तिथे त्याचा अर्थ आहे फिरून पूर्वीच्या जागी येणे. हॅना आरेन्ट यांनी १९६३ च्या आपल्या पुस्तकात दाखवले की राजकारणातही हा शब्द आधी याच अर्थाने आला. १६६० साली चार्ल्सचा मुलगा गादीवर परतला तेव्हा त्या परतण्याला ‘रेव्होल्यूशन’ म्हटले गेले. १६८८ लाही भाव तोच होता: जुने हक्क, जुनी घडी पुन्हा बसली. शब्दाने तोंड फिरवले ते १७८९ साली. बास्तिय पडल्याची खबर घेऊन गेलेल्या सरदाराला सोळाव्या लुईने ‘हे बंड आहे का’ असे विचारले आणि ‘नाही महाराज, ही क्रांती आहे’ असे उत्तर त्याला मिळाले, अशी गोष्ट सांगतात. आरेन्ट यांना त्या उत्तरात ग्रहगतीचाच अर्थ दिसतो. बंड मोडता येते. ग्रहाची गती कोणाच्याने थांबत नाही.

पुढच्या शतकात हा न थांबवता येण्याचा अर्थ फार कामी आला. आर्नॉल्ड टॉयन्बी या तरुण अभ्यासकाची व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर, १८८४ साली छापली गेली आणि ‘इंडस्ट्रियल रेव्होल्यूशन’ हा शब्दप्रयोग इंग्रजीत घट्ट बसला. कुंपणे घालून घेतलेली गावाची सामाईक जमीन, गिरण्यांत राबलेली लहान मुले, हातमाग गमावलेले विणकर या प्रत्येकामागे कोणाचा तरी निर्णय होता, कायदा होता, मालक होता. टॉयन्बी स्वतः मजुरांच्या हालांनी कळवळलेला माणूस होता. शाळेच्या पुस्तकात मात्र उरले ते एक नाव, ज्यात हे सगळे आपोआप घडल्यासारखे वाटते. ८ मार्च १९६८ रोजी अमेरिकेच्या परदेशी मदत खात्याचे प्रमुख विल्यम गॉड यांनी वॉशिंग्टनच्या भाषणात ‘ग्रीन रेव्होल्यूशन’ हा शब्द वापरला, तो सोव्हिएत रशियाच्या लाल क्रांतीशी तुलना करूनच. आपण त्याची हरितक्रांती केली आणि तो राजकीय संदर्भ गाळून टाकला. योगायोग असा की आपला शब्दही आकाशातलाच आहे. सूर्याच्या भासमान मार्गाला आपले ज्योतिषी क्रांतिवृत्त म्हणतात, सूर्य राशी ओलांडतो ती संक्रांत, आणि कोणावर अरिष्ट कोसळले की त्याच्यावर संक्रांत आली असे आजही म्हणतात.

आता राज्यकर्त्यांच्या शब्दांकडे येऊ. ‘म्युटिनी’ हा शिस्तीच्या कायद्यातला शब्द. इंग्लंडच्या संसदेने १६८९ साली ‘म्युटिनी अ‍ॅक्ट’ केला आणि शपथ मोडणाऱ्या शिपायाच्या गुन्ह्याला हे नाव पक्के झाले. १८५७ ला हाच शब्द लावला गेला आणि एका फटक्यात अवधचे तालुकदार, शेतकरी, कारागीर, झाशीची राणी हे सगळे बेशिस्त शिपायांच्या पंक्तीत जाऊन बसले. इंग्रजांतही त्यावर एकमत नव्हते. २७ जुलै १८५७ रोजी, दिल्ली अजून बंडवाल्यांच्या हाती असताना, डिझरायलीने संसदेत विचारले की हे लष्करी ‘म्युटिनी’ आहे की राष्ट्राचा ‘रिव्होल्ट’. हा प्रश्न शब्दांच्या आवडीनिवडीचा नव्हता. ‘म्युटिनी’ असेल तर दोषी काडतुसे आणि शिपाई, ‘रिव्होल्ट’ असेल तर दोषी कंपनीचा कारभार, आदल्याच वर्षी अवध खालसा करणारे धोरण. उत्तर काय निघाले ते कंपनीची सत्ता १८५८ साली संपली यावरून दिसते. नाव मात्र इंग्रजी पुस्तकांत ‘म्युटिनी’च राहिले. सावरकरांनी १९०९ साली स्वातंत्र्यसमर हे नाव पुढे केले. रमेशचंद्र मजुमदारांनी १९५७ साली शिपायांचे ‘म्युटिनी’ आणि जनतेचा ‘रिव्होल्ट’ हे दोन्ही शब्द पुस्तकाच्या नावात शेजारी ठेवले. आणि वरसईचे विष्णुभट गोडसे, ज्यांनी झाशीचा संहार डोळ्यांनी पाहिला, त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये ते बंडच आहे. त्यांचे बंड आणि क्लॅरेंडनचे ‘रिबेलियन’ एका मापाचे नाही. गोडसे भटजींच्या लेखणीत राणीविषयी अपार माया आहे. ‘बंड’ हा शब्द मराठीत तेव्हा धाडसाचाही होता.

‘रायट’ची गोष्ट याहून छोटी, पण आपल्या घरची आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरले. माणसे मारण्यावर त्यांचा भर नव्हता. त्यांना कर्जरोखे हवे होते, आणि मिळाले तिथे त्यांनी ते जाळले. भारतीय दंड संहितेत पाच किंवा अधिक माणसे बेकायदा हेतूने जमली की बेकायदा जमाव होत असे आणि त्याने बळ वापरले की ‘रायटिंग’चा गुन्हा. सरकारी नाव त्यामुळे ‘डेक्कन रायट्स’ पडले आणि मराठीत ‘दख्खनचे दंगे’. पोलिसी शब्दाला कागद दिसत नाही, जमाव दिसतो. तरी सरकारच्याच आयोगाने सारावाढ, कोसळलेले कापसाचे भाव आणि दिवाणी न्यायालयांचे हुकूमनामे यांची छाननी केली आणि १८७९ साली शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला. आयोगाने जे तपासले ते त्या नावात कुठेच नाही, आणि दीडशे वर्षांनंतरही आपण तेच नाव चालवतो आहोत.

‘हॅवॉक’ हा शब्द आज सरसकट धुमाकुळासाठी वापरतात. मध्ययुगात ती सेनापतीची आरोळी होती. ती उठली की सैन्याला लुटीची मोकळीक. दुसऱ्या रिचर्डच्या १३८५ च्या लष्करी नियमांत, परवानगीवाचून ही आरोळी ठोकणाऱ्याला शिरच्छेदाची शिक्षा होती. शब्द उच्चारणारा तिथे सापडतो आणि शिक्षाही त्यालाच होते. या साऱ्या राशीत इतका स्पष्ट जबाबदारीचा शब्द मला दुसरा आढळला नाही. आज तो वादळालाही लावतात आणि आरोळी ठोकणारा त्यातून निघून गेला आहे.

निसर्गाच्या कोपासाठी असलेले शब्द सगळ्यांत जास्त काळजीने वापरायला हवेत असे मला वाटते, कारण माणसे मरतात ती त्या शब्दांच्या आडोशाला. ‘डिझास्टर’ इटालियनमधून फ्रेंचमार्गे आला. त्यात तारा आहे, अशुभ तारा. ग्रह फिरले, दुसरे काय? ‘कॅटॅस्ट्रॉफी’ ग्रीक नाटकातली, कथानक शेवटी उलटते ती जागा. ‘कॅटॅक्लिझम’ म्हणजे जलप्रलय. तारे, नाटककार, देव. तिन्ही ठिकाणी माणूस सोसणारा, करणारा कोणी वेगळाच.

या समजुतीला पहिला मोठा तडा लिस्बनला गेला. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, लोक सकाळी चर्चमध्ये, आणि भूकंप. मागोमाग समुद्र शहरात शिरला, मग आग लागली. व्होल्तेअरने या विश्वात चांगुलपणा आहे कुठे, असा सवाल करणारी कविता लिहिली. रूसोने १७५६ साली त्याला पत्र लिहून वेगळाच मुद्दा काढला: सहा-सहा, सात-सात मजल्यांची वीस हजार घरे त्या जागी निसर्गाने रचली नव्हती. सामान वाचवायला किती लोक परत आत गेले आणि मेले, याकडेही त्याने लक्ष वेधले. आपत्तीची जबाबदारी ताऱ्यांकडून गवंड्याकडे आणि नगररचनेकडे आणणारे हे विधान. पुढे १९७६ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत फिल ओकीफ, केन वेस्टगेट आणि बेन विस्नर यांनी ‘नैसर्गिक आपत्ती’ या शब्दातले नैसर्गिकपण काढून टाका अशी उघड मागणी केली. भूकंप निसर्गाचा, आपत्ती माणसांची, हे आता अभ्यासकांत जवळजवळ सर्वमान्य आहे. बातम्यांत अजून नाही.

पुणेकरांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. १२ जुलै १९६१ रोजी, काम पुरते व्हायच्या आत पाणी साठवलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. त्याला आपण साठ वर्षांहून अधिक काळ ‘पानशेतचा पूर’ म्हणत आलो. पूर नदीला येतो, पावसाने येतो. त्या दिवशी जे आले ते एका बांधकामाच्या अपयशाचे पाणी होते. ‘पूर’ म्हटल्यावर पुढच्या पिढीला आभाळ दिसते. धरणाची मोरी, अपुरी दारे, पाणी अडवण्याची घाई यांतले काही दिसत नाही.

लोकांनी ठेवलेली नावे कधीकधी किती नेमकी असतात याचा उत्तम दाखला कच्छच्या रणात आहे. १६ जून १८१९ च्या भूकंपात सिंद्रीचा किल्ला आणि भोवतालचा मुलूख पाण्याखाली गेला आणि जवळच कित्येक कोस लांबीचा मातीचा उंचवटा जमिनीतून वर आला. त्या भागात सिंधच्या गुलामशहाने नदीवर घातलेला बंधारा लोकांनी पाहिलेला होता. हा नवा बांध माणसाचा नाही हे सांगायला त्यांनी त्याला ‘अल्लाबंद’ म्हटले. चार्ल्स लायेलने १८३० पासून निघालेल्या आपल्या भूशास्त्राच्या ग्रंथात ही हकिगत घेतली, जमीन खरोखर उचलली जाते याचा पुरावा म्हणून. ‘अपहीव्हल’ हा शब्द, म्हणजे खालून उचलले जाणे, त्याच काळात भूशास्त्रात रुळला आणि तिथून राजकारणात गेला. १८३२ साली विल्यम ह्यूएल याने पृथ्वी प्रलयांनी घडली असे मानणाऱ्यांना आणि संथ बदलांनी घडली असे मानणाऱ्यांना दोन वेगळी नावे दिली. तो वाद मिटलेला नाही. डायनोसॉर कशाने नष्ट झाले, या खटल्यात मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आदळलेल्या अशनीबरोबर दुसरा संशयित आहे तो आपला दख्खनचा लाव्हा, म्हणजे आज ज्यावर सह्याद्रीचे गड उभे आहेत तो काळा कातळ.

एका शब्दाचे मात्र मनापासून कौतुक करायला हवे. हेन्री पिडिंग्टन हा कलकत्त्यातला आरमारी न्यायाधिकारी. बंगालच्या उपसागरात बुडालेल्या जहाजांच्या नोंदी तपासताना वादळ गोल फिरते हे त्याने पाहिले आणि नाविकांसाठी १८४८ साली लिहिलेल्या पुस्तकात ‘सायक्लोन’ हा शब्द घडवला. त्यात तारा नाही, देवाचा कोप नाही, आहे ती वादळाची रचना. ती कळली की जहाज कोणत्या बाजूला वळवायचे ते कळते. मातला नदीवर नवे बंदर बांधू नका, वादळात बुडेल, असा इशाराही त्याने १८५३ साली डलहौसीला दिला. बंदर बांधले गेले. १८६७ च्या वादळात ते उद्ध्वस्त झाले.

‘शॉक’ फ्रेंचमधून आला तो चिलखती घोडेस्वारांची दोन दळे एकमेकांवर आदळण्याच्या अर्थाने. या शब्दाच्या प्रवासातला सगळ्यांत दुःखद टप्पा पहिल्या महायुद्धातला आहे. तोफगोळ्यांच्या माऱ्यानंतर शिपाई थरथरू लागत, मुके होत, आंधळे होत. अंगावर ओरखडाही नसे. फेब्रुवारी १९१५ मध्ये डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये अशा तीन रुग्णांविषयी लिहिले आणि ‘शेल शॉक’ हे नाव सर्वतोमुखी झाले. मग लष्कराने त्याचे दोन भाग केले. शत्रूच्या गोळ्यामुळे झालेला तो ‘डब्ल्यू’, म्हणजे जखम. त्या शिपायाला जखमेची फीत आणि निवृत्तिवेतन. बाकीच्यांना ‘एस’, म्हणजे आजार. त्यांना फीतही नाही, वेतनही नाही. एका अक्षरावर माणसाची अब्रू ठरत होती. पुढे १९१७ साली आघाडीवरच्या डॉक्टरांना हा शब्द लिहायलाच मनाई झाली आणि १९२२ च्या सरकारी समितीने तो वैद्यकातून काढून टाकण्याची शिफारस केली. पळ काढणे, भ्याडपणा अशा आरोपांखाली ज्यांना आपल्याच सैन्याने गोळ्या घातल्या, त्यांतल्या ३०६ ब्रिटिश आणि साम्राज्याच्या शिपायांना माफी मिळाली ती २००६ साली. शब्द काढून टाकल्याने आजार गेला नाही. त्याचे नवे नाव अमेरिकेच्या मनोविकारांच्या यादीत यायला १९८० उजाडले.

अर्थशास्त्रज्ञांनी हाच शब्द उचलला तो बाहेरून आलेल्या कशासाठीही. १९७३ चा ‘ऑइल शॉक’ हा तेल विकणाऱ्या देशांचा उघड निर्णय होता. १ जानेवारी १९९० पासून पोलंडने बाजारभाव एकदम मोकळे केले, त्याला ‘शॉक थेरपी’ म्हणाले. हे रूपक मनोरुग्णालयातून आलेले आहे. विजेचा झटका देणारा डॉक्टर असतो आणि रुग्णाला विचारायची पद्धत त्या काळी नव्हती. एका देशाच्या जनतेला रुग्ण ठरवणे या दोन शब्दांत किती सहज होऊन जाते! २००३ च्या मार्चमध्ये बगदादवर बॉम्ब पडले तेव्हा ‘शॉक अँड ऑ’ हा लष्करी सिद्धांत दूरचित्रवाणीवर घरोघर पोचला. घोडदळाचा शब्द फिरून युद्धात परतला.

पैशाच्या बाजारातल्या शब्दांना फार वेळ द्यायला नको. ‘पॅनिक’ हा पॅन या ग्रीक वनदेवाचा. १८७३ आणि १९०७ च्या अमेरिकी संकटांना हे नाव पडले आणि दोष घाबरलेल्या ठेवीदारांवर गेला. मग ‘क्रॅश’, मग ‘डिप्रेशन’, मग त्याहून मवाळ ‘रिसेशन’. १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांचे महागाईविषयक सल्लागार आल्फ्रेड कान यांना ‘डिप्रेशन’ हा शब्द तोंडातून काढल्याबद्दल समज मिळाली, तेव्हा ते त्या जागी ‘केळे’ म्हणू लागले. सत्ता शब्दांना किती घाबरते ते यातून कळते.

‘क्रायसिस’ मुळात वैद्यांचा. ग्रीक वैद्यकात रोगी जगणार की जाणार याचा निकाल लागतो तो क्षण. टायफॉइडला आपल्याकडे ‘मुदतीचा ताप’ म्हणत. मुदत भरायच्या दिवशी घर जागे राही. तीच कल्पना. म्हणजे ‘क्रायसिस’ला मुदत हवी आणि निर्णय हवा. आज हवामान, शेती, घरे, शिक्षण सगळीकडे वर्षानुवर्षे ‘क्रायसिस’ असतो. कॉलिन्स कोशाने २०२२ चा शब्द म्हणून ‘परमाक्रायसिस’ निवडला, न संपणारे संकट. निर्णय न घेणाऱ्या राज्यकर्त्यांना इतका सोयीचा शब्द क्वचितच मिळाला असेल. चिनी भाषेत संकट आणि संधी यांना एकच शब्द आहे असे व्याख्यानांत ऐकवतात, तेही थांबायला हवे. व्हिक्टर मेअर या चिनीच्या अभ्यासकाने ते चुकीचे असल्याचे दाखवून दिले आहे.

शेवटी आजचा लाडका शब्द, ‘डिसरप्शन’. स्कॉटलंडमध्ये १८४३ साली हे एका घटनेचे विशेषनाम होते. पाद्री कोणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने, या वादात साडेचारशेहून अधिक धर्मोपदेशक पगार, घर, चर्च सोडून बाहेर पडले. मुंबईचे जॉन विल्सन त्यांच्याच बाजूला गेले. तिथे तोडणारे आणि किंमत मोजणारे एकच होते. १९९५ साली क्लेटन ख्रिस्टेन्सन आणि जोसेफ बोअर यांनी हा शब्द व्यवस्थापनशास्त्रात आणला. स्वस्त, आधी कमअस्सल वाटणारी वस्तू खालच्या गिऱ्हाइकापासून सुरुवात करून मोठ्या कंपनीला कशी उखडते, एवढाच त्याचा अर्थ होता. पुढे तो इतका सैल झाला की २०१५ साली ख्रिस्टेन्सन यांनाच सांगावे लागले की उबर त्यांच्या व्याख्येत बसत नाही. आता तो बढाईचा शब्द आहे. तोडणारा तो अभिमानाने मिरवतो, किंमत दुसराच कोणी मोजतो, आणि त्याचे नाव या शब्दात येत नाही.

मराठीला हे नवे नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर ‘गिरण्या बंद पडल्या’ असे आपण म्हणतो. पाऊस पडतो, वीज पडते, तशा गिरण्या पडल्या. ज्यांनी त्या बंद केल्या, ज्यांनी जमिनी विकल्या, ज्यांनी परवानग्या दिल्या, ते कर्ते या वाक्यात नाहीत. दुसरीकडे पाच आमदार पक्ष बदलतात आणि मथळा येतो ‘राजकीय भूकंप’. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्यांच्या नातेवाइकांच्या घरीही हीच वृत्तपत्रे जातात. ठरवून केलेल्या पक्षांतराला भूकंप म्हणणे चूक आहे, कारण ते करणारे कोण हे सगळ्यांना ठाऊक असते.

वृत्तपत्रांत रात्रपाळीला इंग्रजी बातम्या मराठीत उतरवणाऱ्यांना, पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांना आणि कोशकारांना म्हणून एक विनंती आहे. ‘डिझास्टर’ला ‘आपत्ती’ जरूर लिहा, पण त्याच बातमीत धरण कोणी बांधले आणि दारे का बसली नव्हती ते लिहा. ‘शॉक’ आला असे इंग्रजी मजकूर म्हणत असेल, तर तो देणाऱ्याचे नाव शोधून वाक्याच्या सुरुवातीला घाला. आणि बारा जुलैला पुढच्या वर्षी पुन्हा लेख लिहाल, तेव्हा मथळा द्या: पानशेतचे धरण फुटले.